भट्टीच्या पीएचईवर फाउलिंग मोजणारा संच: मापं चोख, हिशेब मात्र बसवून घ्यावा लागतो

इंडक्शन भट्टीच्या प्लेट हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे शॉपवर सगळे ज्याला नुसतं पीएचई म्हणतात त्यावर, बसवायचा हा संच आहे. प्लेटांवर मळ किती चढलाय, म्हणजेच फाउलिंग किती झालंय, ते तो मोजतो. चार पीटी-१०० तापमान सेन्सर, दोन क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर, दोन डीपी (दाबातला फरक मोजणारे) ट्रान्समीटर, सिमकार्डवाला डेटा लॉगर, मोबाइलवर दिसणारा डॅशबोर्ड आणि वर्षाला दोन सर्व्हिस भेटी असं सगळं मिळून येतं. अशी जुळणी बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळते. त्यामुळे इथे नावाची नाही, जुळणीची परीक्षा आहे, आणि तीही शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतीतल्या फौंड्रीवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून.

निकाल आधीच सांगतो. ज्या फौंड्रीत कूलिंग टॉवरला बोअरचं पाणी जातं आणि 'पॅनल ट्रिप झाला' की मगच पीएचई खोलायचं ठरतं, तिथे हा संच घ्यावा. पण पीएचई साफ केल्यानंतर, भट्टी पूर्ण भारावर चालू असतानाचे आकडे बसवणारा माणूस नोंदवून देत नसेल, तर घेऊ नये. फाउलिंग म्हणजे स्वच्छ आणि मळलेल्या अवस्थेतला फरक. स्वच्छ अवस्थेचा आकडाच हातात नसेल तर स्क्रीनवरची टक्केवारी कशाची आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

भट्टीच्या कॉइलमधून आणि पॅनलमधून डीएम, म्हणजे क्षार काढून टाकलेलं, पाणी फिरतं. भट्टी घेते त्या विजेतला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कॉइलमध्येच उष्णता होऊन या पाण्यात उतरतो. पीएचईच्या प्लेटांतून ती उष्णता टॉवरच्या पाण्याला दिली जाते. मळ बसतो तो बहुतेक वेळा टॉवरच्या बाजूला, कारण ते पाणी उघडं असतं, उडून आटतं, धूळ पितं. परिणाम दिसतो मात्र डीएमच्या बाजूला. पाणी गरम परत जातं, ऑपरेटर पॉवर कमी करतो, हीट (एक वितळणी) लांबते आणि युनिटचं बिल वाढतं. ट्रिप ही या साखळीतली अगदी शेवटची कडी.

तापमानाचा एकटा इंडिकेटर इथे का फसवतो, ते आकड्यांत बघू. समजा पीएचईच्या प्लेटांचं क्षेत्रफळ १५ चौरस मीटर आहे. डीएम पाणी तासाला ३६ घनमीटर, टॉवरचं ४८ घनमीटर. साफसफाईनंतर टॉवरचं पाणी ३२ डिग्रीने आत येतं, ३८ ने बाहेर पडतं आणि डीएम ४४ वरून ३६ वर उतरतं. काही महिन्यांनी टॉवरचं पाणी तेच ३२ आणि ३८, पण डीएम ४८ ने येऊन ४० ने परत जातंय. आता दुसरी परिस्थिती घ्या. प्लेटा लख्ख आहेत, पण टॉवर ३२ पर्यंत उतरत नाही, ३६ नेच पाणी देतो. तेव्हाही डीएम ४० नेच परत जाणार. पॅनलवरचा आकडा दोन्ही वेळा ४०. पहिल्या वेळी प्लेटा खोलायला हव्यात. दुसऱ्या वेळी खोलल्या तर उत्पादन बुडालं आणि गॅस्केटचं आयुष्य विनाकारण खर्ची पडलं.

कोल्हापुरात हा गोंधळ पावसाळ्यात जास्त होतो. टॉवर पाणी किती गार करू शकतो हे हवेच्या वेट बल्ब, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या, तापमानावर ठरतं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी पारा चढला तरी टॉवर हवेच्या बराच खाली उतरतो. जून-जुलैत हवा अंगाला गार लागते, पण ती ओलीगच्च असते, मग टॉवरला उतरायला जागाच उरत नाही. 'पाऊस पडतोय, गारवा आहे, तरी पाणी गरम, म्हणजे पीएचई चोक झाला' हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

संच चारही तापमानं आणि दोन्ही प्रवाह एकाच वेळी घेतो, ही त्याची खरी जमेची बाजू. त्यातून हिशेब करता येतो. तासाला १ घनमीटर पाणी १ डिग्रीने तापलं किंवा निवलं की १.१६३ किलोवॉट, हा आकडा मेंटेनन्सवाल्याने पाठच करावा. वरच्या उदाहरणात डीएमच्या बाजूने ३६ × ८ × १.१६३ म्हणजे ३३५ किलोवॉट आणि टॉवरच्या बाजूने ४८ × ६ × १.१६३, तेही ३३५. दोन्ही बाजूंचा ताळा जुळणं ही संचाची पहिली परीक्षा. फरक ५ टक्क्यांच्या वर असेल तर फाउलिंगचा विषयच काढू नये, आधी मापकं तपासावीत.

पुढची पायरी यू-व्हॅल्यूची, म्हणजे एका चौरस मीटर प्लेटमधून तापमानातल्या दर डिग्री फरकाला किती उष्णता पलीकडे जाते त्याची. दोन टोकांच्या तापमानफरकांचा लॉग सरासरी आकडा (दोघांची वजाबाकी भागिले त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग) काढायचा: साफ असताना टोकांचे फरक ६ आणि ४, सरासरी ४.९३; मळल्यावर १० आणि ८, सरासरी ८.९६. ३३५ किलोवॉटला १५ ने आणि या सरासरीने भागलं की यू मिळतो, साफ असताना सुमारे ४,५३० वॉट आणि मळल्यावर सुमारे २,४९०. दोघांचे व्यस्तांक वजा केले की मळाचा अडथळा उरतो, इथे ०.०००१८.

हा एवढासा आकडा प्लेटवर कसा दिसतो? चुन्याच्या स्केलची (कडक क्षारथराची) उष्णतावाहकता २ ते ३ वॉटच्या घरात धरली तर थर साधारण ०.४ मिलिमीटरचा निघतो. मूळ प्लेटच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते, म्हणजे प्लेटीवर जवळजवळ दुसरी प्लेट चढली. हाच अडथळा शेवाळी चिकट थराने करायचा ठरवला तर त्याला ०.१ मिलिमीटरच पुरतो, कारण त्या थरात बहुतांश पाणीच असतं आणि त्याची वाहकता फक्त ०.६. प्लेट खोलल्यावर पांढरा खडा दिसला की सगळे हळहळतात. नुसती बुळबुळीत लागली तर 'तशी साफच आहे' म्हणून पुसून परत बसवतात. त्या बुळबुळीतपणाकडे इतकं दुर्लक्ष परवडत नाही.

आता डॅशबोर्ड. तो दिसायला छान आहे, पण मूळ मांडणीत तीन गोष्टी बदलून घेतल्याशिवाय उपयोगाचा नाही.

एक, तो २४ तासांची सरासरी काढतो. भट्टी सलग चालत नाही. चार्जिंग, मेल्टिंग, टॅपिंग, ओतकाम, मध्ये थांबणं असा तिचा दिवस असतो. भट्टी थांबली की चारही तापमानं एकमेकांजवळ येतात, आणि अर्ध्या डिग्रीच्या फरकांवर काढलेला यू काहीही आकडा देतो. लॉगरला भट्टीच्या पॉवरचा सिग्नल द्यावा आणि पॉवर सलग १५ ते २० मिनिटं स्थिर असतानाचीच वाचनं हिशेबात घ्यायला लावावीत. सिग्नल ४-२० मिलिॲम्पिअरचा (मापकांचा नेहमीचा करंट सिग्नल) असेल तर हे अवघड नाही.

दोन, तो संच बसवला त्या दिवसालाच 'शून्य फाउलिंग' धरतो. बसवताना पीएचई सहा महिने न खोललेला असेल, तर सहा महिन्यांचा मळ कायमचा 'स्वच्छ' ठरतो. पीएचई साफ करूनच संच चालू करावा, मिळालेला यू, दोन्ही प्रवाह आणि दोन्ही डीपी तारखेसह उतरवून घ्यावेत आणि नेमप्लेटशेजारी ऑइल पेंटने लिहून ठेवावेत.

तीन, प्रवाहाची दुरुस्ती त्यात नाही. टॉवरच्या पंपाच्या सक्शन स्ट्रेनरमध्ये कचरा अडकून प्रवाह पाव भागाने घटला, तर प्लेटा स्वच्छ असूनही यू सुमारे १० टक्क्यांनी खाली येतो, कारण पाण्याचा वेग कमी झाला की प्लेटीला लागूनचा संथ थर जाड होतो. डॅशबोर्ड याला फाउलिंग म्हणतो. साफसफाईनंतरच्या दिवसांत व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत दोन-तीन प्रवाहांवर स्वच्छ यू मोजून घेतला, तर पुढे तुलना सारख्याची सारख्याशी होते. यातला दीड-दोन तासांचा वेळ विक्रेत्याने द्यायलाच हवा. न मागता तो दिला जात नाही, म्हणून मागावा.

सेन्सरच्या दर्जावर तडजोड करू नका. क्लास बी पीटी-१०० ला ४० डिग्रीवर अर्ध्या डिग्रीची सूट असते, क्लास ए ला सुमारे ०.२३ ची. अर्धी डिग्री म्हणजे काय मोठं, असं वाटेल. वरच्या उदाहरणात स्वच्छ पीएचईच्या गार टोकाला फरकच ४ डिग्रीचा आहे. डीएम आउटलेटचा सेन्सर अर्धी डिग्री कमी दाखवू लागला तर उष्णता ६ टक्के जास्त निघते, सरासरी फरक ६ टक्के कमी निघतो आणि यू १३ टक्के फुगतो. साफसफाईचा निर्णय २५-३० टक्के घसरणीवर घ्यायचा असेल तर त्यातला जवळजवळ निम्मा भाग एका सेन्सरच्या चुकीनेच खाल्ला. चारही सेन्सर क्लास ए, एकाच बाथमध्ये एकत्र तपासून जुळवलेले घ्यावेत. चौघांनी एकाच पाण्यात एकच आकडा दाखवावा, ही अट प्रमाणपत्राहून मोलाची.

बसवण्याची जागाही तितकीच महत्त्वाची. डीएमच्या लाइनवर तापमान सांभाळायला थ्री-वे बायपास व्हॉल्व्ह असतो. सेन्सर त्याच्या पुढे, मिसळलेल्या पाण्यात लागला तर तो पीएचईचं तापमान सांगतच नाही. नोझलला लागून, बायपासच्या अलीकडे, थर्मोवेलमध्येच (पाइपात शिरणाऱ्या बंद नळीत) लावावा. पाइपवर वरून पट्टीने बांधलेला सेन्सर शेडमधल्या भट्टीच्या झळांनी तापतो.

क्लॅम्प-ऑन फ्लो मीटरचं सुख म्हणजे पाइप कापावा लागत नाही. पण त्याला मीटरआधी व्यासाच्या दहापट आणि मीटरनंतर पाचपट सरळ पाइप लागतो, आणि फौंड्रीच्या पंपहाऊसमध्ये एवढी सरळ जागा सहसा नसते. जुन्या एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपला आतून गंज आणि स्केल असेल तर सिग्नल अशक्त होतो, शिवाय आतला व्यास घटलेला असल्याने प्रवाह आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. टॉवरच्या लाइनवर नवा एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) सरळ तुकडा घालून त्यावर मीटर बांधावं. मीटर आणि पाइप यांच्यामध्ये लावलेलं जेल वाळतं. सर्व्हिस भेटीत ते नवीन लावलं का, हे उभं राहून बघावं.

सगळ्यात जास्त त्रास देते ती केबल. इंडक्शन भट्टीच्या बसबार आणि वॉटर-कूल्ड केबलजवळून सेन्सरची वायर नेली तर मीडियम फ्रिक्वेन्सीचा गोंगाट त्यात उतरतो आणि भट्टी चालू झाली की तापमान उड्या मारू लागतं. सेन्सरच्या डोक्यातच ट्रान्समीटर बसवून ४-२० मिलिॲम्पिअरने सिग्नल आणावा, शिल्डेड केबल वापरावी, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करावं आणि पॉवर केबलला काटकोनातच ओलांडावं. भट्टी बंद असताना एक आकडा आणि पॉवर देताच क्षणात दोन डिग्रीची उडी दिसली, तर दोष प्लेटांत शोधू नका, वायरिंगमध्ये शोधा.

डीपी ट्रान्समीटरचं आम्हाला विशेष कौतुक आहे, कारण मळ किती हे यू सांगतो, तर मळ कुठला हे डीपी सांगतो. अट एवढीच की डीपी नुसता वाचायचा नाही, प्रवाहाच्या वर्गाने भागून वाचायचा. यू घसरला आणि भागलेला डीपी थोडाच वाढला, तर प्लेटभर सारखी बसलेली पातळ स्केल. यू घसरला आणि डीपी त्याहून जोरात वाढला, तर बहुतेक शेवाळी थर. तो खडबडीत, लवचिक असतो आणि पाण्याला ओढून धरतो. डीपी एकदम उडी मारून वाढला आणि प्रवाह पडला, पण यू त्या मानाने टिकून आहे, तर पोर्टच्या तोंडाशी काहीतरी अडकलंय. टॉवरच्या फिलचे (पाणी पसरवणाऱ्या आतल्या भरणीचे) तुटलेले तुकडे, पाला, प्लास्टिक. प्लेटांमधली फट जेमतेम २ ते ४ मिलिमीटरची, तिला अडवायला फार काही लागत नाही.

या ट्रान्समीटरचा कच्चा दुवा म्हणजे त्याच्यापर्यंत दाब पोहोचवणाऱ्या बारीक इम्पल्स नळ्या. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी तांबडं होतं तेव्हा कच्चं पाणी टॉवरला घेणाऱ्यांकडे नळ्यांत गाळ बसतो आणि डीपी एकाच आकड्यावर गोठतो. स्थिर रेघ दिसली की सगळं ठीक आहे असं वाटतं. नळ्यांना धुऊन काढायचे व्हॉल्व्ह संचात नसतात. ते लावून घ्यावेत आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला उघडावेत.

मळाच्या मुळाशी जायचं तर पाणी बघावं लागतं. हातकणंगले-शिरोळकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनी सर्वांना माहीत आहेत. चुन्याचे क्षार साखरेच्या उलटे वागतात, पाणी तापलं की ते कमी विरघळतात. म्हणून स्केल सुरू होते ती प्लेटच्या सर्वांत गरम टोकाला, जिथून टॉवरचं पाणी बाहेर पडतं. वीज गेली आणि टॉवरचा पंप थांबला, पण आणीबाणीच्या पंपाने डीएम फिरत राहिलं, तर गरम प्लेटांत टॉवरचं पाणी उभं राहून तिथल्या तिथे क्षार सोडतं. टॉवरच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी भागिले भरणीच्या पाण्याची, हे गुणोत्तर रोज लिहावं. ते वाढत चाललं की ब्लोडाउन, म्हणजे टॉवरमधलं खारट झालेलं पाणी सोडून देणं, वाढवायचा. मोल्डिंग सँडची धूळ टॉवरमध्ये जात असेल, तर प्लेटांवर बेंटोनाइट आणि कोळशाच्या भुकटीचा काळा चिखल मिळतो. त्यावर ॲसिड काहीच करत नाही. तिथे फिरत्या पाण्यातलं ५ ते १० टक्के पाणी गाळणारा साइड-स्ट्रीम फिल्टरच हवा.

वर्षातल्या दोन सर्व्हिस भेटींत प्लेटा न खोलता ॲसिड फिरवून सफाई केली जाते. काम बरं होतं, पण एक पायरी गाळली जाते: आधी मळाचा नमुना बघणं. खरवडलेल्या तुकड्यावर पातळ ॲसिडचा थेंब टाकावा. फसफसला तर कार्बोनेट, सल्फॅमिक ॲसिडने निघेल. फसफसला नाही तर सल्फेट, सिलिका किंवा माती. ॲसिड फिरवून वेळ घालवू नये, प्लेटा खोलाव्यात. चिकट थर वर असेल तर आधी अल्कलीने धुवावं, कारण तो थर खालच्या स्केलपर्यंत ॲसिड पोहोचूच देत नाही.

सल्फॅमिक ५ टक्के, म्हणजे २०० लिटरला १० किलो, सोबत इनहिबिटर, म्हणजे ॲसिडला धातू खाऊ न देणारं रसायन. द्रावण ५० डिग्रीच्या आसपास ठेवावं, ६० च्या वर नेऊ नये. जास्त तापलं की हे ॲसिड मोडून सल्फेट तयार होतं आणि कॅल्शियमशी मिळून नवाच खडा बसतो. फिरवायचं नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने. टाकीचं झाकण उघडं ठेवावं, वायू निघत असतो. पीएच ३ च्या वर जाऊ लागला की ॲसिड वाढवायचं. अर्धा तास पीएच हललाच नाही म्हणजे खायला काही उरलेलं नाही. मग भरपूर पाणी, सोडा ॲशने उदासीन करणं, पुन्हा पाणी. स्टेनलेस प्लेटांवर हायड्रोक्लोरिक ॲसिड कुणी स्वस्तात देत असेल तर गेटवरूनच परत पाठवा. क्लोराइडने प्लेटांना बारीक भोकं पडतात. सफाईनंतर डीएमची कंडक्टिव्हिटी बघावी. ती चढू लागली तर भोक पडलंय आणि टॉवरचं पाणी आत शिरतंय.

प्लेटा खोलल्याच तर नायलॉनचा ब्रश, तारेचा नाही. परत आवळताना नेमप्लेटवर दिलेल्या मापापर्यंतच, चारी बाजूंनी सारखं मोजत. गळतंय म्हणून मापाखाली आवळलेला पीएचई पुढच्या वेळी आणखी गळतो. सफाईनंतर यू जुन्या स्वच्छ आकड्याच्या ९५ टक्क्यांपर्यंत आला नाही, तर बिल मंजूर करू नये. प्लेटांचा क्रम चुकलेला असतो, वरच्या भागात हवा अडकलेली असते किंवा मळ निघालेलाच नसतो.

फौंड्रीबाहेर हा संच कितपत चालतो, हे थोडक्यात. डेअरीच्या पाश्चरायझरला तो जड पडतो. तिथे ७२ डिग्री आणि १५ सेकंद राखायला गरम पाणी किती तापवावं लागतंय आणि वाफेचा व्हॉल्व्ह किती उघडतोय, ही दोन वाचनं दुधाच्या प्रथिनांचा थर पुरेसा दाखवतात, आणि सीआयपी (न खोलता जागेवरच धुणं) रोजचीच असते. साखर कारखान्याच्या ज्यूस हीटरवर तो उपयोगी आहे, पण वाफेच्या बाजूला न निवणारे वायू साठले तरी यू असाच पडतो. व्हेंट उघडून आकडा वर आला तर दोष स्केलचा नव्हता. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये गरम सांडपाण्यातून उष्णता परत घेणाऱ्या एक्स्चेंजरवर मात्र तो घेऊ नये. तिथे सुताचे तंतू थर्मोवेललाच गुंडाळतात आणि सगळी तापमानं आळशी होतात. त्या पैशांत स्वतः साफ होणारा स्ट्रेनर बसवावा आणि एक्स्चेंजरच्या दोन्ही तोंडांना एकेक चांगलं प्रेशर गेज.